खांद्यामागचा खळगा

उजवा हात कानाच्या वर जाईनासा झाला तेव्हा माझी पहिली समजूत अशी झाली, की देव माझ्यावर रागावला आहे. दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. मी मालगुंडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि गावकरी ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराचा. वीस वर्षं मी तो कुणाला दिला नव्हता, सख्ख्या धाकट्या भावालाही नाही. एका वर्षी मात्र बोर्डाच्या परीक्षेच्या कामात अडकलो आणि पालखी माझ्याविना फिरली. खांदा दुखायला लागला तो त्यानंतर.

डॉक्टरांनी सांधा आखडलाय म्हणून शेक आणि व्यायाम दिले. मी मनातल्या मनात वेगळाच उपाय ठरवला. पुढच्या शिमग्यात दुखऱ्या खांद्यावरच दांडा घ्यायचा आणि सगळी वाडी फिरेपर्यंत खांदा बदलायचा नाही, म्हणजे देवाचा राग उतरेल. शिकलेला माणूस, पण अक्कल पार गहाण टाकली होती. त्या दिवशी चार घरं झाली आणि हात मेल्यासारखा लोंबायला लागला. तरी मी दांडा सोडला नाही.

पालखी आमच्या अंगणात टेकली. मी सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजेला बसलो. शेजाऱ्यांची नवी सून पहिल्या शिमग्याला मुंबईहून आली होती. मी तिला ओळखतही नव्हतो. ती माझ्या मागे उभी होती. पूजा झाल्यावर तिने संकोचाने माझ्या बायकोला गाठलं.

"काकू, काकांच्या पाठीला हा खळगा कधीपासून आहे?"

"खळगा? कुठे गो? माझं मेलीचं लक्षच नाही गेलं कधी!"

मुलगी मुंबईच्या इस्पितळात फिजिओथेरपीचं काम करायची. तिने माझा हात धरून वर नेला. तो सरळ डोक्यापर्यंत गेला. सोडल्यावर धपकन खाली आला. "सांधा आखडलेला नाही काका. हात उचलणारा स्नायूच सुकलाय. नस तपासून घ्या," ती म्हणाली. मला माझीच पाठ दिसत नव्हती, आणि एका परक्या मुलीला ती दिसावी म्हणून देवाने मला तिच्याकडे पाठ करून बसवलं, असं मी आजही मानतो. कुणी योगायोग म्हटलं तरी माझी हरकत नाही.

मुंबईत सुया टोचून तपासणी झाली. सर्जननी कागदावर आकृती काढून दाखवली. ती इतकी वाकडी होती, की न राहवून मी पेन्सिल मागून घेतली आणि ते सांगतील तसं डाव्या हाताने पुन्हा काढलं. खांद्यामागे फऱ्याचं पसरट हाड. त्याच्या वरच्या कडेला एक खाच. खाचेच्या तोंडावर आडवी ताणलेली चिवट पट्टी. मानेतून येणारी नस त्या पट्टीखालून जाते आणि फऱ्यावरच्या दोन स्नायूंना चालवते. रक्तवाहिनी बहुधा पट्टीच्या वरून जाते. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव आला. खालून पाणी, वरून वाट. माझा साकव जाड होऊन खाली बसला होता आणि नस दाबली गेली होती. लहान छिद्रांतून दुर्बीण घालून तो कापायचा, पण वरच्या वाहिनीला धक्का लागू द्यायचा नाही. नस मोकळी होईल, पण स्नायू किती भरतील याची खात्री त्यांनी दिली नाही.

मी घाबरलो. फळा या हातावर, रंग या हातावर. गावी येऊन गुरवांकडे गेलो आणि देवीला कौल लावायला सांगितलं: ऑपरेशन करू की नको?

गुरव माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कौलासाठी देवीला ज्या कळ्या चिकटवतात, त्यांच्या तबकाला त्यांनी हातही लावला नाही. "आता आनी काय इचारतोस रे? तुझ्या अंगणात येऊन तिनं दाखवलान ना? परत परत इचारून तिला कटाळा आणतोस. जा मुकाट्यानं!"

मी मुकाट्याने गेलो. भूल देताना मनात फक्त एवढंच म्हटलं, "आई, तुला वाटेल तसं." त्याआधी वीस वर्षांत मी तिला कधी असं म्हटलं नव्हतं, नेहमी मला काय हवंय तेच सांगत आलो होतो.

हात हळूहळू आला. सहा-सात महिन्यांनी फळ्याच्या वरच्या कडेला रेघ ओढली तेव्हा वर्गासमोरच रडू आलं. खळगा पुरता भरला नाही. आणि सर्जननी बजावलं होतं, पालखी खांद्यावर पुन्हा कधीच नाही.

पुढच्या शिमग्यात दांडा मी स्वतः भावाच्या खांद्यावर ठेवला. खोटं कशाला सांगू, मनातून तो सोडवत नव्हता. बाजूला होऊन अंगणाच्या कडेला उभा राहिलो. ढोल वाजले, पालखी उसळली, आणि माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं नाचवताना मान खाली, नजर पायांवर आणि कानाशी दांडा. नाचणारी देवी मी कधी पाहिलीच नव्हती. ती हसत होती. दोन्ही हात आपोआप वर गेले आणि डोक्यावर जोडले गेले.