शेवटच्या डब्यातले काका

मशीन सुरू झालं की काका हळूच म्हणायचे, "सुटली." मग डोळे मिटायचे आणि मान उशीवर कलती करायचे.

ते रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त होऊन फतेगंजात राहत. मूत्रपिंडं थकलेली, म्हणून एक दिवसाआड दुपारी आमच्याकडे डायलिसिसला यायचे. मी तिथली नर्स. तुम्ही अशी खोली दुपारची पाहिली नसेल, तर सांगते. पडदे ओढलेले, मशिनं एका सुरात गुरगुरतायत आणि चादरी पांघरून सगळे अर्धवट झोपेत. तासन् तास हलायचं नाही. अशा वेळी काकांची मालगाडी खोलीतून जायला लागे.

"मकरपुरा गेलं," ते मिटल्या डोळ्यांनी सांगायचे. बऱ्याच वेळाने, "करजण. इथे चहा चांगला." शेजारच्या पलंगावरच्या गुजराती बेन ग्लानीतच विचारायच्या, "काका, भरूच आव्युं?"

"सिग्नल नथी, बेन. शांती राखो."

भरूच आलं म्हणजे निम्मा वेळ सरला, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. नर्मदेच्या पुलावर काका हटकून गप्प होत. आम्हीही मग पावलं न वाजवता वावरायचो. मला तर पांढऱ्या फरशीखालून पाणी वाहतंय असं वाटायचं, आणि ते खोटं आहे हे स्वतःला सांगावंसं वाटत नसे.

डायलिसिसच्या पेशंटला सुईपेक्षा सुई धरणाऱ्या हाताची काळजी असते. हातावरची ती ऑपरेशन करून फुगवलेली शीर बिघडली तर सगळंच अडतं, म्हणून जो तो आपली ठरलेली नर्स मागतो. मी नवी आले तेव्हा मला कुणी हातच देईना. "मोटा सिस्टरने बोलावो ने," मोठ्या सिस्टरना बोलवा ना, असं गोड बोलून हात चादरीत घ्यायचे. इन्चार्ज सिस्टरनी सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर तुला ओपीडीत पाठवावं लागेल. मला तर हेच काम हवं होतं. हरणीला घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडायचे. आई विचारायची, तर म्हणायचे डोकं दुखतंय.

एके दुपारी काकांनी आपणहून बाही वर सरकवली. "ये ने. मी आहे की."

पहिली सुई चुकली. शीर निसटली आणि बघता बघता कोपराखाली जांभळी सूज आली. इन्चार्ज सिस्टर पुढे झाल्या. मी सुई त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बर्फ लावा जरा. मग वरच्या जागी हीच करेल."

"काका, दुखेल हो," मी म्हणाले.

"दुखू दे ने. ऐक. मालगाडीचा गार्ड बसतो एकटा, शेवटच्या डब्यात. पुढे इंजिनात कोण आहे, काय करतोय, काही दिसत नाही. म्हणून काय मी जन्मभर धास्तावून बसलो? डुलकीसुद्धा काढलीय. साहेबाला सांगू नको."

सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही, कारण काकांनी सुई जायच्या आधीच डोळे मिटले होते. मी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई टेकवली. सुई जागेवर बसली.

"सुटली," काका म्हणाले.

आईबापांनंतर इतका बिनधास्त विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. मला ते फार आवडले, अजूनही आवडतात. काही दिवसांतच शेजारच्या बेननीही हात पुढे केला. माझं ओपीडीत जाणं टळलं.

एक काम मात्र काका कुणाला देत नसत. सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरावा लागतो. ते स्वतःच धरायचे. मी बोट पुढे केलं की म्हणायचे, "तू दुसरीकडे बघ. एवढं मला येतं." पेशंट झाले तरी नोकरीतला माणूस पुरता गेला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ते खंगत गेले. हृदय दमलं होतं. एका दुपारी मी सुया काढल्या आणि कापूस त्यांच्या बोटांखाली सरकवला. बोटांत जोर नव्हता. कापूस लाल व्हायला लागला. त्यांनी तो थोडा वेळ पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बोटं काढून घेतली.

"धर तू," म्हणाले.

मी धरलं. जरा वेळाने त्यांना झोप लागली.

पुढच्या वेळी ते आले नाहीत. घरीच, झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं.

मला आठवते ती आधीची, कापसाची दुपार. मुलगी खाली रिक्षा थांबवून उभी होती. पुढचे पेशंट बाहेर बाकावर येऊन बसले होते. इन्चार्ज सिस्टर दोनदा दारातून डोकावून गेल्या. रक्त केव्हाच थांबलं होतं. मी हात काढला नाही.