भाकरीनंतरची ओळ

देव सगळीकडे आहे, मग रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्याला चर्चमध्येच भेटायला कशाला जायचं, असा प्रश्न गेल्या वर्षी मला पडला. प्रश्न तसा थोर आहे. थोरामोठ्यांना तो चिंतनातून पडतो, मला तो क्रिकेटमुळे पडला.

झालं असं, की ऑस्ट्रेलियातली मॅच रंगात आली होती आणि आमची उपासना नेमकी त्याच वेळी. मी एका कानात इयरफोन खुपसून बसलो होतो. भिंतीकडच्या कानात, पापालासुद्धा नियोजन लागतं. पाळकसाहेबांनी मौन प्रार्थना सांगितली, सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्याच क्षणी इयरफोनची बॅटरी संपली. मॅच माझ्या खिशातून अख्ख्या मंडळीला ऐकू जाऊ लागली. समालोचक 'आऊट!' म्हणून किंचाळला. मी घाबरून खिसा दाबला, तर आवाज आणखी वाढला. माझ्या शेजारी बाकावर शांतवनकाका बसतात, निवृत्त मुख्याध्यापक. ते डोळे न उघडता म्हणाले, "अहो, निदान कोण आऊट झालं ते तरी सांगा. म्हणजे आम्हाला प्रार्थनेकडे लक्ष देता येईल."

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेब हसले. माझी बायको करुणाही हसली, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. घरी येताच मी जाहीर केलं, की आता त्या चर्चची पायरी चढणार नाही. "देव काय त्या चार भिंतींत कोंडलेला आहे का?" मी विचारलं.

"नाही," करुणा म्हणाली, "पण तुम्हाला तासभर कोंडून ठेवायला चार भिंती लागतात."

मग मी माझं स्वतःचं चर्च काढलं. उशीवर मोबाईल, हातात चहा आणि मागच्या रविवारचं प्रवचन दीडपट वेगाने. तेवढ्या वेगात पाळकसाहेब लिलाव पुकारल्यासारखे ऐकू यायचे, पण लवकर आटपायचे. करुणाला मी स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचो. ओळख पटू नये म्हणून हेल्मेट काढत नसे. स्कूटर मात्र सगळे ओळखायचे. तिथून तडक मंडई. मेथीच्या जुड्या चाळताना मी स्वतःला समजावायचो, की हीसुद्धा उपासनाच आहे, निर्मात्याची स्तुती त्याच्या निर्मितीजवळ उभं राहून. खरं म्हणजे कुणीतरी मनधरणी करायला येईल, याची मी वाट पाहत होतो. कुणी आलं नाही. काकांनी फक्त एकदा करुणाबरोबर निरोप धाडला, "त्यांना सांगा, मॅच संपली." त्यानंतर तर मी हट्टालाच पेटलो.

एका शुक्रवारी करुणाच्या पोटात दुखू लागलं. मी तज्ज्ञाच्या आवाजात 'गॅस' असं निदान केलं आणि ओवा दिला. शनिवारी ओव्याबरोबर काळं मीठ दिलं. रविवारी सकाळी ती तशीच उठली, चर्चला जायची साडी नेसली, दारापाशी चप्पल घालायला वाकली आणि खालीच बसली. चेहरा पांढराफटक. समोरच्या जोशीवहिनींनी आणि मी तिला धरून रिक्षात घातलं आणि मी तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी तपासलं. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटात पू पसरला होता, लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. "दोन दिवस काय करत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं. "ओवा देत होतो," मी म्हणालो. डॉक्टरांनी नर्सला हाक मारून ऑपरेशनची तयारी सांगितली. मग हळू आवाजात म्हणाले, "उशीर झालाय. प्रयत्न करतो."

स्ट्रेचरवर तिने माझं मनगट धरलं. "अहो, प्रभूची प्रार्थना म्हणा."

त्यात काय! येशूने शिकवलेली, पाळण्यात असल्यापासून ऐकलेली प्रार्थना. मी खणखणीत सुरुवात केली. स्वर्ग झाला, राज्य झालं, इच्छा झाली, रोजची भाकर मागून झाली. आणि भाकरीनंतर पुढे काहीच येईना. पुन्हा पहिल्यापासून धरली, पुन्हा भाकरीवर अडली. तेवढ्या वेदनेतही करुणाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती काही म्हणणार, इतक्यात वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं आणि दार मिटलं.

बाहेरच्या खुर्चीवर बसल्यावर मला उमगलं, की ही प्रार्थना मी जन्मात कधी एकट्याने म्हटलेलीच नव्हती. लहानपणी आईच्या मागून म्हणायचो, पुढे शांतवनकाकांच्या. काका सगळ्या मंडळीच्या अर्धी मात्रा पुढे असतात, आणि सुराशी त्यांचं जुनं वैर आहे. त्या आवाजाने ओढायचं आणि मी मागून ओठ हलवत जायचं. आयुष्यभर मी फुकट डबलसीट गेलो होतो. मोबाईलवर शोधावी म्हटलं, तर मोबाईल घरी उशीवरच राहिला होता; तिथे रिकाम्या पलंगाला दीडपट वेगाने प्रवचन चालू असणार.

मग मी देवाशी भांडलो. नम्रपणे वगैरे नाही, चक्क भांडलो. म्हटलं, गैरहजर राहिलो तो मी, ओवा दिला तो मी, मग काय असेल ते माझ्याशी निस्तर. तिने एक रविवार चुकवला नाही, आणि आजही तुझ्याकडेच यायला निघाली होती. तिला हात लावायचं काम नाही. एवढं सुनावून मी दातओठ खाऊन, मोठ्याने, पुन्हा प्रार्थनेला सुरुवात केली. पुन्हा भाकरीपाशी आलो आणि थांबलो.

आणि माझ्या पाठीमागून पुढची ओळ आली. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही क्षमेची. मोठ्याने.

खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं देवच आला. पण देव इतका बेसूर असेल असं काही वाटेना. वळून पाहिलं, तर रविवारच्या कोटात, धापा टाकत शांतवनकाका उभे. वर्गात पोरगं अडलं की करायचे तशी त्यांनी हाताने खूण केली, पुढे चला. मी अर्धी मात्रा मागून निघालो. इतके महिने ज्यांच्याशी अबोला धरला, त्यांच्याच मागून क्षमेची ओळ म्हणताना माझा आवाज फाटला. पण ओळ पार झाली.

सुरक्षारक्षक धावत आला. "ओ काका, आवाज नको. हॉस्पिटल आहे हे."

"माहीत आहे," काका म्हणाले. "म्हणूनच म्हणतोय."

शेजारच्या खुर्चीवर गळ्यात हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला, वऱ्हाडाकडचा तरुण बसला होता. तो मान वर न करता रक्षकाला म्हणाला, "म्हणू द्या न जी त्याइले. माहा बाप आत हाये. त्यालेबी लागू पडन थोडं."

रक्षक खांदे उडवून गेला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी तो पोरगाही हात जोडून बसला. तेव्हा कुठे माझ्या कानांनी ती प्रार्थना नीट ऐकली. तिच्यात 'मी' कुठेच नाही. भाकर आमची, अपराध आमचे, सुटका आमची. पलंगावर एकट्याने लोळत जी उपासना मी चालवू पाहत होतो, तिचं व्याकरणच मुळात बाकावरचं आहे.

मग मी काकांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"पहिल्या गीताला करुणाबाईंची जागा रिकामी दिसली. त्या कधी चुकत नाहीत. गीत संपायच्या आत मी बाहेर पडलो, घरी गेलो, समोरच्या बाईंनी सांगितलं."

"आणि मी इतके महिने येत नव्हतो, तेव्हा?"

"तुमच्या न येण्याची सवय झाली होती," काका म्हणाले. "जागा मात्र कुणाला दिली नाही. माझी छत्री ठेवतो तिथे."

त्या पोराच्या वडिलांना आधी सुखरूप बाहेर आणलं. तो काकांच्या पाया पडला, काका संकोचले. बऱ्याच वेळाने आमचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "निभावलं." ते कुणामुळे निभावलं, यावर मला वाद घालायचा नाही. डॉक्टरांचे हात मी विसरणार नाही, आणि ते हात कुणी दिले हेही. देवाशी मी भांडलो होतो आणि त्याने उत्तर म्हणून माणूस धाडला होता, तोही नेमका मला नको असलेला. मी हात टेकले.

आता मी दर रविवारी जातो. हेल्मेट काढून. हिंजवडीतला माझा भाचा हसतो, "मामा, सगळं ऑनलाईन असताना तुम्ही कशाला जाता?" मी म्हणतो, तुला काय म्हणायचं ते म्हण, मी जाणार. पाऊस असो, फायनल असो, प्रवचन कंटाळवाणं असो, जाणार. काका छत्री उचलतात, मी बसतो, आणि भाकरीनंतरच्या ओळीवर तो बेसूर आवाज मला पलीकडे नेतो.

करुणा परवा म्हणाली, "अहो, आता तरी ती पाठ करून टाका. एकदा फजिती झाली ती पुरे."

मी साफ नकार दिला. पाठ झाली, तर मी पुन्हा घरी बसेन.