दत्ताकाकांच्या मुंग्या

दत्ताकाका स्वयंपाकघरात झोपायचे. ओटा आणि फ्रिज यांच्यामध्ये एक चटई मावेल एवढी जागा होती. आचोळ्याच्या आमच्या वन रूम किचनमध्ये तेवढीच जागा कुणाची नव्हती, म्हणून ती काकांची. घर तळमजल्यावर, त्यामुळे मुंग्या बारा महिने. सकाळी काकांच्या दंडावर लाल गांध्या उठलेल्या असायच्या. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं गादीवर झोपायचो आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

ते बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. मुंबईत एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. छापखाना बंद पडला तेव्हा दोन पिशव्या घेऊन चार दिवसांसाठी आमच्याकडे आले, ते नऊ वर्षं राहिले. आई त्यांना तोंडावर कधी वाईट बोलली नाही, ती भिंतीला ऐकवायची. कणीक मळता मळता म्हणायची, "हत्ती होऊन लाकडं ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी, हे काहींना बरं जमतं." काका तेव्हा उकिडवे बसून फरशीच्या फटी पुसत असायचे. ऐकू आलं नसेल असं मी तेव्हा धरून चालले होते.

मुंग्यांचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःकडे घेतलं. फटीत पांढरं सिमेंट बोटाने भरायचं, उंबऱ्याशी हळद, ओट्यावर व्हिनेगरचं फडकं. साखरेचा डबा पाण्याच्या परातीत, आणि ते पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. "शिळ्या पाण्यावर धूळ बसते, की झाला तिचा पूल," असं त्यांचं म्हणणं. मला जवळ बसवून सांगायचे, "एक मुंगी दिसली तर मारू नकोस. मारलीस तर एक मेली. मागे गेलीस तर सगळा रस्ता सापडतो." आणि खरोखरच तासन् तास एका मुंगीमागे सरकत राहायचे. साठीच्या माणसाने असं रांगावं याचं मला हसू यायचं.

बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव झालं होतं. नाताळ जवळ आला की दुसऱ्या मजल्यावरच्या टीचर केक आणि करंज्यांचे डबे कुठे ठेवायचे हे विचारायला काकांना वर बोलवायच्या. तिथे त्यांना खुर्चीवर बसवून चहा मिळायचा. खाली आले की चेहरा उजळलेला असायचा. आईला ते खपत नसे. लोकांकडे कामाला जातात असं दिसतं, म्हणायची. पण आमच्या घरात नऊ वर्षांत एकदाही मुंग्या लागलेले पोहे उन्हात टाकावे लागले नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आईने स्वयंपाकघर नवं करून घेतलं. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, फ्रिज सरकला, चटईची जागा अर्धी झाली. काका पाय दुमडून झोपू लागले. पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाला आला. त्याने कोपऱ्याकोपऱ्यांत तपकिरी औषधाचे ठिपके लावले आणि आठ दिवसांत मुंग्या नाहीशा झाल्या. काका हातात फडकं घेऊन ओट्याशी उभे राहायचे आणि पुसायला काही नसायचं. याच सुमारास आई बाबांना म्हणू लागली की गावचं घर बंद पडून वाळवी लागतेय, कुणीतरी राहायला हवं. काका समोर जेवत असायचे. बाबा ताटात बघायचे. मला वाटतं, माझे बाबा जन्मभर ताटातच बघत आले.

महिन्याभरात मुंग्या परत आल्या. पेस्ट कंट्रोलवाला दोनदा येऊन गेला, त्याला काही उमगेना. शेवटी आईच म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच बघा आता." काकांनी बाह्या वर केल्या. त्या आठवड्यात ते मजेत होते. मला म्हणाले, "औषधवाल्यांना मुंगी कळत नाही गं. त्यांना नुसता कोपरा दिसतो." गावच्या घराचा विषय बंद झाला. मुंग्या दोन दिवस थांबायच्या, पुन्हा यायच्या.

एका रविवारी दुपारी काका दळण आणायला गेले होते आणि मला सिंकखाली एक मुंगी दिसली. मारली नाही, मागे गेले. ट्रॉलीच्या कडेने, नळीवरून, सिलिंडरच्या मागे. तिथे भिंतीला टेकवून कागदाची एक लहानशी पुडी होती. चारी कोपरे नीट दुमडलेले, कडा खळीने चिकटवलेल्या. पुस्तकाला कव्हर घालावं तशी. आत ओलसर साखर होती. अशी घडी आमच्या घरात एकाच माणसाला जमत होती.

माझ्या जिभेला हाड नाही. मला त्या वेळी नुसती गंमत वाटली, हे आज लिहितानाही लाज वाटते. चारच्या चहाला सगळे बसले होते, तेव्हा मी ती पुडी मधोमध ठेवली आणि हसत म्हणाले, "बघा, काकांनी मुंग्या पाळल्यात."

कुणी हसलं नाही. बाबा उठले, चपला घालून बाहेर निघून गेले. आईने पुडीकडे पाहिलं, मग काकांकडे. तिला आता बोलायची गरजच उरली नव्हती. काकांनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "सापडली ना तुला. म्हणजे शिकलीस." पुढच्या गुरुवारी ते गावाला गेले, आणि जाताना दोन पिशव्याच होत्या.

दोन वर्षांनी माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गावी गेले. काकांनी चहा टाकला. साखरेचा डबा उघडाच होता आणि त्यात मुंग्या होत्या. त्यांनी चमच्याने बाजूला केल्या आणि साखर घेतली. मी म्हटलं, "काका, इतक्या मुंग्या?" ते म्हणाले, "असू देत. इथे कुणाला दाखवायचंय?"

मग मी रडायला लागले आणि माझं चुकलं म्हणाले. ते गोंधळले. माझ्यापुढे कप सरकवत म्हणाले, "तुझं काय चुकलं? फक्त आधी मला सांगायचंस. मी उचलून टाकली असती."

लग्नाला ते आले नाहीत. त्याच वर्षी गेले. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा बाबा मोठ्याने रडले. आई म्हणाली, आपण त्यांना कधी काही कमी केलं नाही. खरंच आहे. जेवण, कपडे, औषधपाणी, कशाचीच कमी नव्हती. आम्हा तिघांना त्या घरात राहायला कधी काही कारण लागलं नाही. काकांना रोज लागायचं. ते त्यांनी सिलिंडरमागे जपून ठेवलं होतं, आणि मी ते चहाच्या कपांच्या मधोमध आणून ठेवलं.