न थांबता आणलेला कौल

शहाडला रिक्षा मिळाली तेव्हा सकाळची उन्हे नुकतीच उल्हास नदीवर उतरली होती. मी ठाण्याहून निघालो होतो. थोरल्या बहिणीला, ताईला, ठाकुर्लीहून बरोबर घेतले होते. अर्ध्या तासात इमारती विरळ झाल्या, भाताची खाचरे लागली आणि आमच्या कुलदेवीची टेकडी दिसली. लहानपणी ती केवढी उंच वाटे!

पायथ्याच्या खोपटात तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ खाल्ली. चव अगदी वडिलांबरोबर, आबांबरोबर यायचो तेव्हाची. पहिल्याच वळणावर ताईच्या चपलेचा अंगठा तुटला. मी माझ्या चपला पुढे केल्या, तर म्हणाली, “राहू दे. ठाण्याचे पाय नाजूक असतात.” उरलेल्या पायऱ्या ती अनवाणीच चढली.

देऊळ काळ्या दगडाचे, शिखर शतकांच्या पावसाने झिजलेले. गाभाऱ्यातल्या पाषाणावर गुरव दोन ओली फुले चिकटवतात आणि देवीला प्रश्न घालतात. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. हाच कौल (देवीचा निर्णय).

बत्तीस वर्षांपूर्वी आबांनी मला एकट्याला कौल आणायला पाठवले होते. ताईच्या मनात मिठागरवाल्यांच्या घरातला एक मुलगा होता; हे लग्न व्हावे का, एवढाच प्रश्न. मी तासभर बसलो. एकही फूल हलेना. “आई तिच्या वेळेला बोलते,” गुरव म्हणाले. पण दुपारी ठाकुर्लीच्या मैदानावर माझी मॅच होती. मी उतरलो आणि घरी सांगितले, डावे पडले. आबांना तेच ऐकायचे होते. ताईने पुढे लग्न केलेच नाही.

सभामंडपात बसून हे सारे मी तिला प्रथमच सांगितले. खांबाला टेकून ती ऐकत राहिली.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी मी आले होते इथे. गुरवकाकू म्हणाल्या, काल तू गेल्यावर संध्याकाळी फूल पडलं. उजवं.”

“मग घरी बोलली का नाहीस?”

“तू सांगशील असं वाटलं. इतका वेळ लावशील, असं नव्हतं वाटलं.”

तेवढ्यात आताचे गुरव, त्या वेळच्या गुरवांचेच चिरंजीव, फुले घेऊन आले. कौल लावायचा का, त्यांनी विचारले. मी हात जोडून उठलो. ताई मला क्षमा करील का, एवढेच विचारायचे होते. तिने ते ओळखले आणि माझी बाही धरून मला खाली बसवले.

“माझा कौल देवीला कशाला विचारतोस? मला विचार.”

मी विचारले. ती उठली आणि पायऱ्यांकडे निघाली. उतरताना झिजलेल्या पायऱ्यांवर तिने माझा खांदा धरला, आणि पायथा येताच सोडला.

ठाकुर्लीला तिच्या दाराशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. कुलूप काढता काढता ती म्हणाली, “चहा टाकते. घाई असेल तर राहू दे.”

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो. उत्तर त्याच्या वेळेला येते, हे मला गुरवांनी बाविसाव्या वर्षीच सांगितले होते. थांबायला मात्र मी आता शिकत होतो.