साहेब उठेपर्यंत
एकतीस मार्च १९५८, महाडची कचेरी. हजर: रावसाहेब, कुडपणचा कारकून, शिपाईमामा आणि मी. रॉकेलचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. जादा कामाला दमडी मिळत नसे, पण साहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, ही रीत. कारकुनाची बायको गावी बाळंतपणात अडल्याचा निरोप आला होता, पोलादपूरची शेवटची एसटी सुटायला आली होती आणि साहेबांनी रजा नाकारली होती. तेवढ्यात मामांनी भरल्या कंदिलाची वात हळूच पार उतरवली. "रॉकेल संपलं, साहेब." "सकाळीच भरलं होतं ना?" "कंदील पितो, साहेब. मी नाय पीत!" अंधारात साहेब नाइलाजाने उठले, तसा कारकून धावत सुटला. एसटी मिळाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. "बाळाला बघायला ये," म्हणाला होता. आता त्या मुलीचं लग्न ठरलंय आणि माझं कुडपणला जाणं अजून राहिलंच आहे.