पुन्हा हायब्रीडच

माझ्या आत्यानं सत्तर वर्षांत एकाही माणसाचा सल्ला ऐकला नव्हता, आणि सल्ला द्यायला आलेल्या एकाही माणसाला जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे अकोल्याला जाऊन आत्याला काहीतरी समजावून सांगणं हा आमच्या नात्यातल्या लोकांचा आवडता उद्योग होता. लग्न कर म्हणून सांगायला गेलेले पुरणपोळी खाऊन आले. वकिली सोड म्हणून सांगायला गेलेले पातोडीच्या रश्शावर ताव मारून आले. या वयात गाडी चालवू नकोस, हे सांगायला मी अमरावतीहून गेलो तेव्हा मला वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर मिळाली. परत निघताना तिनंच मला गाडीत घालून मूर्तिजापूरपर्यंत आणून सोडलं, म्हणजे माझ्या सल्ल्याचं काय झालं ते मला वाटेतच कळलं.

ती वकील. कोर्टात इतकं शुद्ध मराठी बोलायची की न्यायाधीशसुद्धा खुर्चीत सावरून बसत, आणि बाहेर पायऱ्या उतरताना तिसऱ्या पायरीपासून तिची वऱ्हाडी सुरू व्हायची. मोठ्या प्रकरणांत तिला रस नव्हता. त्या वर्षांत आमच्याकडच्या खेड्यांत बायका फार लवकर एकट्या पडत होत्या, आणि नवऱ्यामागं शेत कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढायला कधी कधी मुलं लग्नाला येत. आत्या ही नावं चढवून द्यायची. फी म्हणून बायका देतील ते घ्यायची. तिच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ, मिरच्या आणि गावठी अंडी यांची अशी रेलचेल असे की घरात किराणा दुकान आहे असं समजून एकदा एक गिऱ्हाईक आत आलं होतं. तिनं त्यालाही जेवू घातलं.

या कामासाठी तिच्याकडे एक डिझेलची जीप होती. ती सुरू झाली की शेजारच्या घरातल्या भांड्यांना कापरं भरे. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी जीपनंही मान टाकली. आम्ही सगळ्यांनी एक लहानशी, साधी, पेट्रोलची गाडी घे असं एकमतानं सुचवलं. महिन्याभरात तिनं नागपूरच्या एका डॉक्टरची वापरलेली, लांबलचक, पांढरी हायब्रीड गाडी दारात आणून उभी केली.

वऱ्हाडात हायब्रीड म्हणजे ज्वारी. हायब्रीडची भाकर ज्यांनी लहानपणी नाक मुरडत खाल्ली आहे अशा पिढीला मोटारही हायब्रीड असते हे पटवणं अवघड होतं. वकीलबाईंनी पैसे टाकून बियाणं आणलं, अशी चेष्टा बाररूममध्ये चालली. हिला विजेचा प्लग कुठं लावायचा असं प्रत्येक जण विचारी. प्लग लावावा लागत नाही, पेट्रोलवर चालता चालता ती स्वतःच बॅटरी भरून घेते आणि हळू जाताना इंजिन बंद ठेवून त्या बॅटरीवर चालते, हे आत्यानं पहिल्या आठवड्यात शंभर लोकांना सांगितलं. एकशे एकावा मी होतो. हायब्रीड भाकर असो की गाडी, चव येत नाही ती नाहीच, असं मी गमतीनं म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "दुष्काळात याच भाकरीनं तुया बापाले जगवलं. तवा त्यानं चव इचारली नव्हती."

या गाडीचा खरा गुण मात्र पातूरकडच्या एका गावात उघडकीला आला. तिथं वच्छला नावाची एक बाई चार वर्षं आपलं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून खेटे घालत होती. कागद पुरे होते, दिराची सहीसुद्धा झाली होती. फक्त तलाठी सापडत नव्हता. सही देऊनही दिराच्या मनात ते नव्हतं आणि त्याच्या घरी तलाठ्याचं उठणंबसणं होतं, म्हणून तो सापडायला राजी नव्हता. आत्याची जीप गावाच्या ओढ्यापाशी आली की तिचा आवाज चावडीपर्यंत पोचे, तलाठी मागच्या दारानं निघून जाई, आणि आत्याला टेबलावर वाफाळता चहा तेवढा दिसे. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी आत्या नव्या गाडीतून गेली. गावात शिरताच गाडी हळू झाली आणि इंजिन आपोआप बंद होऊन ती बॅटरीवर सरकू लागली. रस्त्यातल्या कोंबड्या हलल्या नाहीत. एक म्हैस रवंथ करत तशीच बसून राहिली, तिला वळसा घालावा लागला. चावडीच्या दारात गाडी थांबली तेव्हा तलाठी आत बशीत चहा ओतत होता. मी त्या दिवशी आत्याबरोबर होतो, म्हणून छातीठोक सांगतो, त्या माणसानं आधी आत्याकडे पाहिलं, मग खिडकीतून गाडीकडे पाहिलं, आणि बशी खाली ठेवली. आत्या समोर बसली. रजिस्टर निघेपर्यंत ती उठली नाही. दुपारी वच्छलाच्या नावाचा फेरफार झाला.

त्या हंगामाचा पहिला वेचा वच्छलानं एका पोत्यात भरून आत्याच्या घरी आणला. स्वतःच्या नावाच्या शेतातला पहिला कापूस होता तो. नको म्हणायची सोय नव्हती. गादी भरून घेऊ म्हणून आत्यानं ते पोतं मागच्या सीटवर ठेवलं आणि पिंजाऱ्याकडे जायचं रोज विसरली. पोतं एका कोपऱ्यात फाटलेलं. खिडक्या उघड्या ठेवून हिंडायची तिची सवय. चार महिने तो कापूस आत्याबरोबर कोर्टकचेऱ्या करत होता. मागं बसलेली माणसं उतरली की म्हातारी झाल्यासारखी दिसत.

उन्हाळा लागला आणि एका दुपारी, आत्या मला घेऊन अमरावतीहून अकोल्याकडे येत असताना, काचेसमोर लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. तो रस्ता तेव्हा कित्येक वर्षं खोदून ठेवलेला होता, त्यामुळे आमची गाडी बंद पडली आहे हे मागच्या ट्रकवाल्याच्या बराच वेळ लक्षात आलं नाही. गाडी ओढून मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला नेली. त्यांनी सांगितलं की मुख्य बॅटरी गेली, सगळीच बदलावी लागेल. किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. आत्यानं गाडी परत अकोल्याला ओढून आणवली आणि सलीममिस्त्रींच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी केली.

सलीममिस्त्रींचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. आत्याला ते आपा म्हणत आणि तिच्या जीपचे त्यांनी वीस वर्षं लाड केले होते. पण या गाडीभोवती ते दोन दिवस नुसते फिरले. गाडी काढून टाकावी असं माझं म्हणणं होतं, मी संधी साधून त्यांना आपल्या बाजूला ओढलं. तेही म्हणाले, "आपा, भंगारात द्या हिले. आपली डिझेलच बरी. दोन दोन इंजनं म्हणजे दोन बायका, एक रुसली का दुसरीबी जेवत नाही."

नेमका तेव्हाच आत्याचा फोन वाजला. वर्कशॉपला दिलेला नंबर बघून कुणी मुलगी बोलत होती. हायब्रीड गाडीच्या मालकांची पाहणी चालू आहे, फक्त दोन मिनिटं लागतील म्हणाली. आत्यानं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि मिस्त्रींच्या बाजेवर बसली. ते प्रकरण अर्धा तास चाललं, कारण प्रत्येक प्रश्न संदिग्ध आहे असं आत्याचं म्हणणं पडलं आणि तिनं तो मुलीकडून दुरुस्त करून घेतला. शेवटी मुलीनं विचारलं, नवी गाडी घ्यायची झाली तर पुन्हा हायब्रीड घ्याल का? हो, नाही, की सांगता येत नाही?

मी मान हलवून नाही म्हणत होतो. मिस्त्री दोन्ही हातांनी नाही म्हणत होते. समोर गाडी बॉनेट उघडं टाकून मेल्यासारखी पडली होती.

"हो," आत्या म्हणाली.

मुलीनं नोंदी पाहिल्या असाव्यात. तिनं जरा चाचरत विचारलं की मॅडम, तुमची गाडी सध्या बंद आहे ना?

"गाडी बंद आहे. माझं मत बंद पडलेलं नाही," आत्या कोर्टातल्या मराठीत म्हणाली.

मग कारण विचारलं गेलं. इंधनाची बचत, पर्यावरण, आराम, असे पर्याय होते. आत्यानं कारण सांगितलं, तलाठी. असा पर्याय नाही म्हणाली बिचारी. "मग 'इतर'मध्ये लिही," आत्या म्हणाली, आणि 'ठी' दीर्घ आहे हेही सांगितलं.

हे ऐकून मिस्त्रींना काय वाटलं कोण जाणे. ते उठले, हातात रबरी मोजे चढवले आणि मागची सीट उचलून बाहेर काढली. सीटच्या बाजूला एक जाळी होती, बॅटरीला गार हवा पोचावी म्हणून. त्यांनी ती खोलली, आतला पंखा काढला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. पंखा दिसतच नव्हता. गादीवाल्यानं दाबून भरावा तसा तिथं कापूस भरला होता.

"बॅटरी मेली नाही आपा," ते म्हणाले. "हिचा दम कोंडला."

त्यांनी दात घासायच्या ब्रशनं तो पंखा संध्याकाळपर्यंत साफ केला. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज न आल्यानं मिस्त्रींना वाटलं की अजून बिघाडच आहे. आत्या त्यांच्या अंगणात एक गोल चक्कर मारून आली. वच्छलाच्या कापसाला मात्र तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. "घरी भाकरी खाऊन जा," एवढं मिस्त्रींना म्हणाली.

गाडी पुढं बरीच वर्षं चालली. आधी थकले ते आत्याचे डोळे. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाचं ऐकलं, आणि ते बघून मला मुळीच बरं वाटलं नाही. जुनी गाडी विकली तेव्हा आता हे सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो. आठ दिवसांनी तिचा फोन आला, ये, नवी गाडी घ्यायले जायचं हाय.

शोरूममध्ये तिनं हायब्रीडच मागितली. साधी पुष्कळ स्वस्त पडेल, असं विक्रेत्यानंच सुचवून पाहिलं. आत्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती. तिला रंगही नीट दिसत नव्हता. गाडी कोण चालवणार, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं मला न विचारता माझ्याकडे बोट केलं. तेही जरासं चुकलं, माझ्या शेजारच्या खांबाकडे गेलं. मी दोन पावलं सरकून बोटासमोर उभा राहिलो.

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी मी अमरावतीहून बसनं अकोल्याला जातो आणि आत्याला खेड्यांत फिरवतो. परवा थंडीत पातूरच्या रस्त्यावर तिनं विचारलं, डाव्या हाताले काय पेरलं हाय? मी कॉलेजात इतिहास शिकवतो. हिरवं आहे म्हणालो. तिनं गाडी थांबवायला लावली. मी बांधावर उतरून एक डहाळी तोडून तिच्या हातात दिली. तिनं पानं बोटांवर फिरवली, बोट जिभेला लावलं, आणि आंबट चवीनं तिचा चेहरा आक्रसला.

"हरभरा. आंब चढली हाय चांगली," ती म्हणाली. "चाल, बाया वाट पाहून राहिल्या असतीन."

मग ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी न विचारता एकेक शेत सांगू लागली, कुणाचं आहे, कुणाच्या नावावर चढलं, त्यात काय उभं आहे. नावं बरोबर असावीत. पिकं तिला तेव्हाची आठवत होती.

"ही तूर," ती म्हणाली.

तिथं कपाशी होती. मी हो म्हणालो.