टाकीचा श्वास

"मेश्रामभाऊ, परत मेली!"

उस्मानभाई वर्कशॉपच्या दारातूनच ओरडले. मागे दोरीला बांधलेली जीप होती आणि तिला ओढत आणणाऱ्या पिकअपमधून खुद्द अरबाब, म्हणजे आमचे मालक, उतरत होते. मालक स्वतः दोरीसोबत आले, म्हणजे प्रकरण इंजिनापुरतं उरलेलं नाही, एवढं मला कळलं.

कुवेतची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. मी बहारीनमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या वर्कशॉपचा सुपरवायझर होतो. नागपूरच्या आयटीआयचा डिझेल मेकॅनिक. आवाज मोठा, बोलायची हौस त्याहून मोठी. उस्मानभाई रायगडातल्या म्हसळ्याकडचे, सोळा वर्षं याच मालकांचे ड्रायव्हर. ती जुनी डिझेल फोर-व्हील जीप मालकांची लाडकी. नवीन गाड्या दारात उभ्या असायच्या, पण वाळवंटात जायचं तर हीच.

"मेश्राम," अरबाब त्यांच्या खास हिंदीत म्हणाले, "गाडी अच्छा चलता, फिर एकदम खलास. पंद्रह मिनिट खडा करो, फिर चालू. मेहमान के सामने तीन बार! ये आदमी डिझेल में कुछ मिलाता."

"वल्ला, अरबाब, मैंने कुछ नहीं मिलाया," उस्मानभाई अल्लाची शपथ घेत म्हणाले.

"शनिवार को कंपनी का पीआरओ व्हिसा ऑफिस जाएगा, तेरा व्हिसा कॅन्सल. आज गुरुवार. मेश्राम, तुम आज बताओ, इसने क्या किया."

बघा हं, गाडीला काय झालं हे त्यांना नकोच होतं. उस्मानभाईंनी काय केलं, तेवढं हवं होतं.

डिझेल इंजिनाचं एक बरं असतं. त्याला प्लग नाही, ठिणगी नाही. हवा आणि डिझेल मिळालं की ते धावतं. चालतं इंजिन एकदम बंद पडलं, तर दोघांपैकी एक वाटेत अडलंय असा पहिला संशय घ्यायचा. एअर फिल्टर काढून बघितला, साफ. डिझेलचा फिल्टर उघडून सगळं काचेच्या बरणीत ओतलं. पाणी नाही, कचरा नाही, भेसळीचा वास नाही. बरणी मी अरबाबांच्या नाकाखाली धरली. त्यांनी नाक मुरडलं.

"डिझेल बिलकुल साफ, अरबाब."

"तो फिर पंप में कुछ किया."

मग मी पंपाची परीक्षा घेतली. टाकीकडून येणारा आणि टाकीकडे परत जाणारा, असे दोन्ही पाइप सोडवले आणि बॉनेटखाली बांधलेल्या डिझेलच्या कॅनमध्ये बुडवले. टाकीचा संबंधच तोडला. मग हमद टाउनच्या यच्चयावत राउंडअबाउटना प्रदक्षिणा घातली. तासभर. गाडीनं साधी उचकीही दिली नाही. म्हणजे इंजिन ठीक, पंप ठीक. चोर टाकीत.

टाकीच्या पाइपातून हवा मारून बघितली. मोकळा. पाइप पुन्हा जोडले, तर गाडी एका चावीत सुरू. वर्कशॉपमध्ये अर्धा तास चालत राहिली. मी घामाघूम आणि ती नवरीसारखी शांत.

"यल्ला," अरबाब म्हणाले, "झल्लाक तक चलो. मैं भी बैठता."

स्टिअरिंगवर उस्मानभाई, शेजारी मी, मागे अरबाब. अर्ध्याहून जास्त रस्ता मजेत गेला. मग इंजिनाचा दम कमी झाला, दोन धक्के बसले आणि सगळं शांत. उस्मानभाईंनी गाडी कडेला घेतली. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

मी खाली उतरलो. बॉनेटकडे न जाता सरळ मागे गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूऽऽऽऽऽ!

एवढा लांब श्वास मी आयुष्यात ऐकला नाही. टाकी अधाशासारखी हवा ओढत होती. उस्मानभाईंना चावी मारायला सांगितलं. दोनचारदा फिरून गाडी सुरू.

टाकीतलं डिझेल जसं खर्च होतं, तशी तिथे बाहेरची हवा यावी लागते. त्यासाठी या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की आत पोकळी होते आणि टाकी डिझेल सोडेनाशी होते. गाडी उभी ठेवली की इकडून तिकडून थोडी हवा शिरते आणि ती परत चालते. वर्कशॉपमध्ये मीच पाइप सोडवून टाकीला हवा दिली होती, म्हणून तिथे रोग दिसेना.

झाकण उलटं केलं. आतल्या बाजूनं भोकावर पुट्टी लावलेली. इतकी सुबक की मूळचीच वाटावी.

"ये किसने किया?" अरबाब.

"मैंने," उस्मानभाई लगेच म्हणाले. "मेरा दिमाग. रेत अंदर जाती थी."

आणि मला माझंच भाषण आठवलं. महिन्यापूर्वी याच गाडीच्या फिल्टरमध्ये मला वाळू सापडली होती. मग काय, माझ्यातला नट जागा झाला. ती वाळू तळहातावर घेऊन मी उस्मानभाईंना भाषण ठोकलं होतं: "हे इंजिनाचं विष आहे! टाकीत एक कण जाता कामा नये. जिथे फट दिसेल तिथे बंद करा!" त्या माणसानं शब्दन् शब्द पाळला. सोळा वर्षांची नोकरी जात होती, तरी माझं नाव त्यांच्या ओठांवर आलं नाही.

मी गप्प राहिलो असतो तर? राहिलोच, दहाएक सेकंद. तेवढे अजून टोचतात.

"अरबाब," मी म्हणालो, "इसका दिमाग नहीं. मैंने बोला था, सब बंद करो. कौन सा छेद छोडना है, वो नहीं बोला."

अरबाबांनी झाकण हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं, उस्मानभाईंकडे पाहिलं. मग दाढी हलायला लागली आणि ते हसत हसत मागच्या सीटवर कोसळले.

"उस्मान! मेश्राम बोलता, तो आधा सुनो. शनिवार को पीआरओ को दूसरा काम देगा मैं. मेरे को घर छोडो."

मी टाचणीनं पुट्टी कोरून काढली. सगळा मिळून एका मिनिटाचा रिपेअर.

अरबाबांना सोडून परतताना मी विचारलं, "उस्मानभाई, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमची नोकरी गेली, तर ही गाडी दुरुस्त कोन करनार? मला तर नुसती चालवता येते," ते म्हणाले आणि वर चहासुद्धा त्यांनीच पाजला.

माझ्या पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत मला चांगले साहेब मिळाले, चांगले मेकॅनिक मिळाले. पण त्या दहा सेकंदांत जे मला उस्मानभाईंकडून मिळालं, ते पुन्हा कुणी दिलं नाही आणि मी मागण्याच्या लायकीचाही नव्हतो.

बोलायची हौस काही गेली नाही. फक्त आता कुणालाही काही शिकवलं की शेवटी विचारतो, "आता जाऊन नेमकं काय करणार, ते मला सांगा." उत्तर ऐकून निम्म्या वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.